जुनी सिव्हिक: चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला?



आपल्या मोठ्या गटातली काही मुले आता गाडी चालवायला शिकत आहेत, त्यामुळे वर्ग सुटल्यावर पार्किंगमध्ये एकच विषय असतो: पहिली गाडी कोणती घ्यावी? मुलांना दोन दारांची, देखणी गाडी हवी असते. पालकांना ती स्वस्त आणि भरवशाची हवी असते. दोघांचे एकमत बहुधा एकाच गाडीवर होते, ती म्हणजे जुनी होंडा सिव्हिक कूप. म्हणून या अंकात आम्ही या गाडीची नेहमीची दुखणी आणि त्यांच्या औषधपाण्याचा खर्च सांगणार आहोत.

आधी एक शब्द. अमेरिकेत दोन दारांच्या गाडीला 'कूप' म्हणतात. आपल्याकडे कूप म्हणजे विहीर, आणि कूपमंडूक म्हणजे विहिरीतला बेडूक. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण भारतातून आलेल्या आजीला या गाडीच्या मागच्या सीटवर बसवून पाहा, म्हणजे विहिरीत उतरणे आणि वर येणे काय असते ते कळेल!

गाडीची कुंडली

आम्ही बोलतो आहोत ती सिव्हिकची आठवी पिढी, म्हणजे २००६ ते २०११ सालची. साध्या नमुन्यात १.८ लिटरचे, १४० अश्वशक्तीचे इंजिन आहे. 'एस आय' नावाच्या तेज नमुन्यात २ लिटरचे, १९७ अश्वशक्तीचे इंजिन आहे. कूप प्रकार होंडाने २०२० नंतर बंद केला, त्यामुळे आता मिळेल ती कूप वापरलेलीच असणार.

या पिढीची एक जमेची बाजू लक्षात ठेवा. इंजिनाच्या आतल्या झडपा वेळेवर उघडाव्यात म्हणून येथे साखळी आहे. आधीच्या पिढीत (२००१ ते २००५) त्या जागी रबरी पट्टा होता. तो लाखभर मैलांनंतर बदलावा लागतो आणि त्याला पाचशे ते हजार डॉलर पडतात. साखळी असली की हा ठरलेला खर्च वाचतो. मात्र तेल वेळेवर बदलले नाही तर साखळीही ताणते.

सर्वांत मोठे दुखणे

२००६ ते २००८ च्या आणि २००९ च्या काही गाड्यांत १.८ लिटर इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाला, म्हणजे ब्लॉकला, बारीक चीर जाते. तिच्यातून इंजिन थंड ठेवणारे पाणी, म्हणजे कूलंट, हळूहळू झिरपते. होंडाने या दोषासाठी हमीची मुदत दहा वर्षांपर्यंत वाढवली होती आणि मैलांची अट ठेवली नव्हती. ती मुदत आता या सर्व गाड्यांची संपली आहे. आज चीर निघाली तर खर्च मालकाचा. दुसऱ्या गाडीतले वापरलेले इंजिन आणून बसवले तरी तीन ते पाच हजार डॉलर लागतात, आणि पुष्कळदा अख्ख्या गाडीची किंमतही तेवढीच असते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

म्हणून गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना जा. विकणाऱ्याने गाडी आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यायला सांगा. कूलंटची पातळी पाहा. ब्लॉकवर पाणी वाळल्याचे डाग आहेत का ते पाहा. ब्लॉक बदलल्याची पावती विकणाऱ्याकडे असेल तर फारच उत्तम, कारण सुधारलेला ब्लॉक असलेली २००७ ची गाडी मूळ ब्लॉकच्या २००८ च्या गाडीपेक्षा चांगली.

आणि मुलांनो, हे पाठ करा: तापमानाचा काटा लाल रेषेकडे गेला की गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचे. 'घर दोनच मैलांवर आहे' असे म्हणायचे नाही. त्या दोन मैलांत इंजिनाचा वरचा ॲल्युमिनियमचा भाग वाकू शकतो. मग वीस डॉलरच्या नळीऐवजी दोन हजारांचे काम निघते. गरम इंजिनाचे झाकणही उघडू नका, उकळते पाणी अंगावर उडते.

लहान दुखणी

पुढे दिलेले आकडे बाहेरच्या स्वतंत्र मेकॅनिककडचे, ढोबळ आहेत. डीलरकडे बहुधा जास्त पडतात आणि मोठ्या शहरांत आणखी जास्त.

मागचे टायर आतल्या बाजूने झिजणे आणि घरघर ऐकू येणे: २००६-०७ च्या गाड्यांत चाक धरून ठेवणाऱ्या मागच्या दांड्यांची रचना सदोष होती. दांड्या बदलून चाकांची दिशा जुळवायला ३०० ते ६०० डॉलर, टायर वेगळे.

सिग्नलला उभे असताना गाडी थरथरणे: इंजिन ज्यावर टेकलेले असते त्या रबरी आधारातले तेल गळून जाते. २०० ते ४५० डॉलर. गाडी लगेच बंद पडत नाही, पण बाकीच्या आधारांवर भार येतो.

पुढचे ब्रेक किंचाळणे: पॅड आणि तबकड्या मिळून २५० ते ५०० डॉलर. हे काम पुढे ढकलू नये.

गार हवा न येणे: कधी पंधरा-वीस डॉलरचा रिले जातो, कधी हजार डॉलरचा कॉम्प्रेसर. म्हणून आधी रिले तपासायला सांगावे.

'एस आय' मध्ये तिसरा गियर खरखरणे किंवा आपोआप सुटणे: गियरबॉक्स उघडावा लागतो, दीड ते अडीच हजार डॉलर. चालवून पाहताना तिसरा गियर मुद्दाम पुन्हा पुन्हा टाकावा.

दार खाली झुकणे: कूपचे दार लांब आणि जड, त्यामुळे बिजागऱ्यांवर ताण येतो. याशिवाय रंगाला तडे जाणे आणि ऊन अडवणारी झडप फाटून लोंबकळणे हे या पिढीचे नेहमीचे आजार. यांनी गाडीचे रूप बिघडते, जीव जात नाही. किमतीची घासाघीस करायला ते उपयोगी पडतात!

बर्फाच्या प्रदेशातली गाडी असेल तर रस्त्यावरच्या मिठाने खालून गंज धरतो. तेथे ब्रेकच्या नळ्या आवर्जून पाहाव्यात.

पैसे न लागणारे, पण पहिले काम

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलेले असे. वर्षानुवर्षे उष्णता आणि दमटपणा लागून ते बिघडते. मग अपघातात पिशवी फुगण्याऐवजी तिचा धातूचा डबाच फुटतो आणि तुकडे बसलेल्या माणसाला लागतात. अमेरिकेत २०२४ पर्यंत अशा २८ मृत्यूंची नोंद झाली. २००६ ते २०११ च्या सिव्हिकही या परत-बोलावणीत आहेत. २००१ आणि २००२ च्या काही सिव्हिक तर इतक्या धोक्याच्या, की प्रयोगशाळेत त्यांचे डबे ५० टक्क्यांपर्यंत फुटले. पिशवी बदललेली नसेल तर ती गाडी चालवूच नये, असे सरकारने २०१६ मध्ये सांगितले.

हे काम डीलरकडे फुकट होते, गाडी कितीव्या मालकाची आहे हे पाहिले जात नाही. काचेखाली लिहिलेला सतरा अक्षरी गाडी-क्रमांक केंद्र सरकारच्या वाहन-सुरक्षा खात्याकडे तपासून घ्या. पैसे देण्याआधीच तपासा.

बिल कसे वाचावे

बिलात दोन भाग असतात: सुटे भाग आणि मजुरी. समजा, सुटा भाग १८० डॉलरचा, काम तीन तासांचे आणि ताशी मजुरी १३० डॉलर. मग १८० अधिक ३९०, एकूण ५७० डॉलर. म्हणजे बिलातला मोठा वाटा मजुरीचा. म्हणून एकाच जागी हात घालायचा असेल तर शेजारचा झिजलेला भागही त्याच वेळी बदलून घ्यावा, दुसऱ्यांदा मजुरी पडत नाही. काम सुरू होण्याआधी अंदाज लेखी मागा. आपल्या मंडळींना हे विचारायला संकोच वाटतो, पण येथे ती रीतच आहे.

मग गाडी ठेवावी की सोडावी? आमच्या मते केवळ बिलाची गाडीच्या किमतीशी तुलना करून भागत नाही. ब्रेक, टायर, आधार या झिजेच्या गोष्टी आहेत. त्या कोणत्याही गाडीला लागणारच, आणि एकदा केल्या की काही वर्षे निश्चिंती. तिथे खर्च करावा. ब्लॉकची चीर, गियरबॉक्स आणि खोल गंज ही मात्र मुळाची दुखणी. त्यांचा लेखी अंदाज गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला, तर तेच पैसे दुसऱ्या गाडीला लावावेत. घेण्यापूर्वी आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून तपासणी करून घ्यायला शंभर-दोनशे डॉलर लागतात. तेवढ्यात इंजिनाचे पाच हजार वाचू शकतात.

घरचा अभ्यास

१. गळती, झीज, गंज, चीर, बिजागरी, मजुरी: प्रत्येक शब्द वापरून एकेक वाक्य लिहा. वाक्य आपल्या घरातल्या गाडीबद्दल असावे.

२. गाडी ४,००० डॉलरला घेतली. दांड्यांना ४५०, पुढच्या ब्रेकना ३५० आणि इंजिनाच्या आधाराला ३०० डॉलर लागले. एकूण खर्च किती? या बिलाला चार आण्याची कोंबडी ही म्हण लागू पडते का? का नाही, ते आईबाबांना मराठीत समजावून सांगा.