लेखनयंत्र आणि लेखकाचे मन : उपनगरांतील विद्यार्थ्याच्या मराठी टंकलेखनाचा विचार

बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथून कलिन्याच्या विद्यानगरीत येणारा पदव्युत्तर वर्गाचा विद्यार्थी दिवसाकाठी जे मराठी लिहितो त्यातील फारच थोडे कागदावर उतरते. आगगाडीच्या डब्यात एका हाताने वरची कडी धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तो मोबाइलवर जे निरोप पाठवितो, जे वाद घालतो, त्यांत भाषा मराठी असली तरी लिपी पुष्कळदा रोमन असते. याच विद्यार्थ्याला परीक्षेच्या वेळी मात्र देवनागरीत, आणि तेही लेखणीने, सलग लिहावे लागते. 'गरीब' हा शब्द निर्वेध लिहून झाल्यावर 'गरिबांचा' लिहिताना त्याचा हात थांबतो. हे पाहून वडीलधारी मंडळी इंग्रजीच्या मोहाला बोल लावतात, प्राध्यापक शाळेला लावतात आणि विद्यार्थी स्वतःला लावतो. 'आपले मराठी कच्चे आहे' अशी त्याची खूणगाठ बांधली जाते आणि पुढे मराठीत लिहिण्याचे प्रसंगच तो टाळू लागतो. ही समजूत कितपत खरी आहे हे पाहावयाचे, तर प्रथम लिहिताना मन कोणते काम करते आणि त्यातील कोणते काम यंत्र आपल्याकडे घेते, याची फोड केली पाहिजे.

मराठी शब्द देवनागरीत उतरविताना लिहिणाऱ्याला दोन निरनिराळ्या ठिकाणांहून साहाय्य मिळते : एक कान, दुसरी स्मृती. 'वाट' आणि 'वात', 'मण' आणि 'मन', 'काळा' आणि 'काला' या जोड्यांतील भेद उच्चारातच आहे. ज्याच्या बोलण्यात हा भेद शाबूत आहे त्याला तो लिहिताना आठवावा लागत नाही, ऐकू येतो. ऱ्हस्वदीर्घाची गोष्ट वेगळी आहे. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे दुबळा हे शब्द लिहिताना भिन्न, पण प्रमाण मराठीच्या आजच्या उच्चारात ते सारखेच ऐकू येतात. 'सुत' आणि 'सूत' यांचेही तेच. इकार-उकाराची लांबी मराठीत शब्दातील स्थानावरून ठरते. तिने अर्थभेद होत नाही. शुद्धलेखनाचे जे नियम मराठी साहित्य महामंडळाने केले आणि १९६२ साली शासनमान्य झाले, ज्यांत १९७२ साली आणखी चारांची भर पडून ते अठरा झाले, त्यांनी अंत्य इकार-उकार दीर्घ आणि अकारान्तापूर्वीचे दीर्घ लिहावेत असे सांगून लेखन उच्चाराच्या बरेच जवळ आणले. परंतु तत्सम शब्दांना मुभा ठेवल्यामुळे 'गरीब' दीर्घ आणि 'मंदिर' ऱ्हस्व, 'कवी' दीर्घ आणि 'कविमन' ऱ्हस्व असे द्वैत राहिले. हे द्वैत कानाने सुटत नाही. शब्द कोठून आला हे ठाऊक असावे लागते, नाही तर त्याचे रूप डोळ्यांत ठसलेले असावे लागते.

(या बाबतीत फार हळहळण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ज्या मोडी लिपीत महाराष्ट्राचे दप्तर आणि खाजगी पत्रव्यवहार चालला, त्या लिपीने इकार-उकारांचा हा भेद व्यवहारात पाळलाच नव्हता. ऱ्हस्वदीर्घाची आजची चिंता मुख्यतः छापील बाळबोधीने आणलेली आहे.)

आता यंत्रांकडे वळू. विक्रोळीचा औद्योगिक परिसर ज्या गोदरेज कंपनीच्या नावाने ओळखला जातो, तिने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र बाजारात आणले. पुढे मराठी टंकलेखनयंत्रे घराघरांत नव्हे, तरी कचेरी-कचेरीत आणि उपनगरांतील टंकलेखनवर्गांत खडखडू लागली. या यंत्राचे तत्त्व डोळ्याचे होते. कागदावर जे डावीकडे दिसते ते आधी उमटवावयाचे. म्हणून 'कि' लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि 'क' नंतर. म्हणून 'ग' लिहिताना आधी अर्धा भाग आणि मग काना. उच्चारात 'क्' आधी आणि 'इ' नंतर येत असूनही टंकलेखकाच्या बोटांनी हा उलटा क्रम आत्मसात केला होता. हा उलटेपणा मनाला जाणवतो याला प्रायोगिक पुरावाही आहे. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी हिंदी वाचकांवर केलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, व्यंजनाच्या डावीकडे येणारी वेलांटी असलेले शब्द वाचण्यास अधिक वेळ लागतो असे आढळले. म्हणजे वाचक अक्षर अखंड घेत असला, तरी त्यातील वर्णांच्या क्रमाकडे त्याचे मन पूर्णपणे डोळेझाक करीत नाही.

संगणकासाठी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली जो 'इन्स्क्रिप्ट' कळफलक सिद्ध केला, त्याने हे तत्त्व उलटविले. स्वर डाव्या हाताखाली, व्यंजने उजव्या हाताखाली, आणि क्रम उच्चाराचा : आधी 'क', मग वेलांटी, ती डावीकडे नेऊन बसविण्याचे काम यंत्राचे. १९९१ साली भारतीय मानक ठरलेल्या 'इस्की' संकेतप्रणालीत आणि त्याच वर्षी प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'युनिकोड'मध्येही देवनागरी अशीच साठविली जाते. डोळ्याचा क्रम गेला आणि कानाचा आला. वैयाकरणाने आनंदित व्हावे अशी ही घटना आहे. पण वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे ठरविण्याचा भार दोन्ही यंत्रांनी लेखकाच्याच स्मृतीवर ठेवला होता, आणि आपल्या प्रश्नापुरते तेच महत्त्वाचे आहे.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य जनतेसाठी इंटरनेट खुले केले. पुढे मोबाइल आला, आणि या दोन्ही ठिकाणी प्रथम हाती आला तो रोमन कळफलक. मराठी रोमनमध्ये लिहिणे मुळीच नवे नव्हे. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले ते रोमन अक्षरांतच. परंतु त्या मुद्रणामागे ठरीव संकेत होते. 'ळ' साठी 'एल' दोनदा लिहावे, असे. अविनाश चोपडे यांच्या १९९१ च्या 'आयट्रान्स' पद्धतीतही 'त' ला लहान आणि 'ट' ला मोठे 'टी' नेमून दिलेले होते. मोबाइलवरच्या रोमन मराठीला असा कोणताच संकेत नाही. 'के-ए-एल-ए' ही चार अक्षरे कला, कळा, काला, काळा यांपैकी काहीही असू शकतात. येथे गंमत अशी की, कानाला स्पष्ट ऐकू येणारे भेदच या लेखनात गळतात. वाचणारा संदर्भावरून आणि मनातल्या मनात उच्चारून ते भरून काढतो; रोमनमधील मराठी नुसत्या नजरेने वाचता येत नाही, ते ऐकावे लागते.

तरीही विद्यार्थी ते का लिहितो? आळस हे उत्तर पुरेसे नाही. मुलुंड-घाटकोपरच्या महाविद्यालयात मित्रमंडळात गुजराती, तमिळ, मराठी अशी मुले एकत्र असतात. मराठी विद्यार्थ्याला गुजराती बोलणे समजते, गुजराती लिपी बहुधा वाचता येत नाही. रोमन ही अशा मंडळींची सामाईक ओसरी होय. दुसरे कारण अधिक खोल आहे. रोमनमध्ये शुद्धलेखनाची चूक संभवतच नाही. 'जी-ए-आर-आय-बी' लिहिणाऱ्याला वेलांटी विचारणारा कोणी नाही. ज्याला देवनागरीत चुकण्याची लाज वाटते त्याला हे आश्रयस्थान वाटावे यात नवल नाही. मात्र लाजेपोटी घेतलेला हा आश्रय जितका लांबतो, तितकी देवनागरीत लिहिण्याची सवय तुटते आणि मूळची लाज वाढते.

याहून सूक्ष्म प्रकार आहे तो रोमनमध्ये टंकून यंत्राकडून देवनागरी मिळविण्याचा. येथे अंतिम लेखन शुद्ध असते आणि म्हणून कोणाचे लक्ष जात नाही. विद्यार्थी रोमन अक्षरे दाबतो. यंत्र 'गरीब', 'गरिब' असे पर्याय मांडते. तो एकाला स्पर्श करतो. आपल्या न्यायशास्त्राने स्मृती आणि प्रत्यभिज्ञा यांत भेद केला आहे. देवदत्त समोर नसताना तो आठवणे ही स्मृती. तो समोर आल्यावर 'हाच तो देवदत्त' असे ओळखणे ही प्रत्यभिज्ञा. आधुनिक मानसशास्त्रही हा भेद मानते, आणि दुसरे काम पहिल्यापेक्षा सामान्यतः सोपे असते असे सांगते. शिवाय स्लामेका आणि ग्राफ यांनी १९७८ साली दाखवून दिले की, नुसता वाचलेला शब्द जितका स्मरणात राहतो त्याहून स्वतः सिद्ध केलेला शब्द अधिक राहतो. पर्यायातून शब्द उचलणारा विद्यार्थी तो सिद्ध करीत नाही. त्याची प्रत्यभिज्ञा चांगली राहते. किंबहुना 'गरिब' चुकले आहे हे तो दुसऱ्याच्या लेखनात चटकन दाखवूही शकतो. थकते ती स्मृती, आणि लेखणी हाती घेतल्यावर नेमकी तीच लागते.

चीनमध्ये हा प्रश्न आपल्याहून तीव्र आहे. तेथे रोमन अक्षरांतील 'पिनयिन' टंकून चित्रलिपीतील चिन्ह निवडावे लागते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ही पद्धत अधिक वापरणाऱ्या प्राथमिक शाळेतील मुलांचे वाचनातील गुण कमी असल्याचे दिसले. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. शिवाय चिनी चिन्ह हाताने लिहून ठसवावे लागते, देवनागरी अक्षराची गोष्ट तशी नाही. म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा इकडे आणणे अशास्त्रीय होईल. मराठीत धोका संपूर्ण शब्दाला नाही. उच्चार ज्याचे उत्तर देत नाही तेवढ्याच भागाला आहे.

हा भेद उत्तरपत्रिकेत तपासता येतो. एखाद्या विद्यार्थ्याच्या लेखनात 'ण' च्या जागी 'न' आणि 'ळ' च्या जागी 'ल' येत असेल, तर त्याचे मूळ त्याच्या बोलीत वा घरच्या दुसऱ्या भाषेत शोधावे लागेल. 'ण', 'ळ' अचूक आणि वेलांट्या-उकार मात्र विस्कळीत असतील, तर त्याचे मराठी कच्चे नाही; त्याच्या स्मृतीला काम मिळालेले नाही. दोन्ही चुकांवर तांबडी रेघ सारखीच ओढली जाते. पण पहिल्याला ऐकण्याबोलण्याचा सराव हवा आणि दुसऱ्याला श्रुतलेखनाचा.

अंधेरी आणि घाटकोपर यांच्या मध्ये पवई येथे असलेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या अभिकल्प विभागात २०१३ साली सिद्ध झालेला 'स्वरचक्र' कळफलक या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली आहेत. 'क' वर बोट ठेवताच त्याच्याभोवती का, कि, की, कु, कू यांचे चक्र उमटते आणि बोट त्या दिशेने सरकवावयाचे असते. 'कि' आणि 'की' दोन्ही समोर दिसतात, पण शब्दात कोणती हवी हे चक्र सांगत नाही. ते लिहिणाऱ्यालाच आठवावे लागते. रोमन मार्गापेक्षा हा मार्ग मराठीच्या घडणीला जवळचा आहे यात संशय नाही. परंतु ज्याची बोटे रोमनवर बसली आहेत त्याला प्रथम तो संथ वाटतो, आणि तेवढ्या संथपणाला डब्यात उभा असलेला विद्यार्थी कचरतो.

आता बोललेले ऐकून लिहिणारी साधनेही मोबाइलवर आली आहेत. त्यांत विद्यार्थी 'गरिबांचा' एवढे उच्चारतो आणि वेलांटी यंत्र घालते. कानाचे काम आणि स्मृतीचे काम ही दोन्ही एकदमच यंत्राकडे जातात. विद्यार्थ्याकडे उरते ते उमटलेले शब्द तपासण्याचे. मात्र 'दिन' आणि 'दीन' यांतील कोणता शब्द अभिप्रेत होता हे यंत्राला ध्वनीवरून कळण्याचा मार्ग नाही. ते आसपासच्या शब्दांवरून तर्क करते, आणि तो तर्क चुकला आहे हे ओळखण्यासाठी दोन्ही रूपे आधीच माहीत असलेला वाचक लागतो.