मधली खुर्ची

आमच्या हॉलमधल्या लाकडी शोकेसच्या खालच्या कप्प्यात नानांचा स्टिरिओ होता. नाना म्हणजे माझे सासरे. १९७९ साली दिवाळीचा बोनस आणि सोसायटीचं कर्ज मिळून त्यांनी तो घेतला. रेकॉर्ड प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर आणि सागवानी रंगाची दोन मोठी खोकी. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी उत्साहानं फडकं घेऊन तो पुसायला गेले, तर झोपाळ्यावरून आवाज आला, "सूनबाई, त्याला हात नको. सुई मोडेल."

नाना तसे प्रेमळ होते. पण ती सुई हे घरातलं सोवळं होतं. तिला हात लावायचा तो नानांनी, आणि पुढे ह्यांनी. सासूबाईंनी चाळीस वर्षं तो स्टिरिओ ऐकला, पण स्वयंपाकघरातून. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर आणि मधली भिंत, यातून गाळून येईल तेवढा. 'शोले'च्या संवादांची तबकडी लागली की गल्लीतली पोरं हॉलमध्ये दाटीवाटीनं बसायची म्हणे. सासूबाईंनी सिनेमा पाहिला तो पुढे कितीतरी वर्षांनी टीव्हीवर, पण गब्बरचे सगळे संवाद त्यांना पोळ्या लाटता लाटताच पाठ झाले होते!

२०१९ साली नाना गेले आणि शोकेसचं दार बंद झालं. गेल्या वर्षी दिवाळीआधी घराला रंग काढला तेव्हा सामान हलवलं. भंगारवाल्यानं स्टिरिओचे बाराशे सांगितले. हे म्हणाले, देऊन टाकू. खरं सांगते, मीही हो म्हटलं. आता मोबाइलवर सगळं ऐकू येतं, मग ही धूळ कशाला?

सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एकदा लावून तरी बघू या. मी तो कधी समोर बसून ऐकलाच नाही."

मेथीची जुडी संपेपर्यंत कुणीच काही बोललं नाही. भंगारवाला रद्दी घेऊन गेला.

ह्यांनी प्लग लावायला वायर उचलली होती, तेवढ्यात मला आमच्या बचत गटातल्या एकीचे सासरे आठवले. पंचाहत्तरीचे, पूर्वी रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. फोन केला तर पलीकडून जवळजवळ ओरडलेच, "ताई, बटण दाबू नका!" इतकी वर्षं बंद असलेलं यंत्र एकदम लाइनला जोडायचं नसतं. आतले कंडेन्सर वाळलेले असतात, कुठे शॉर्ट असेल तर ट्रान्सफॉर्मरच जळायचा.

दुसऱ्या दिवशी काका आले ते पिशवीत शंभराचा जुना पिवळा बल्ब घेऊन. वायरच्या मध्ये तो बल्ब जोडला. याला सिरीज बल्ब म्हणतात. यंत्रात शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि तसाच राहतो, यंत्र वाचतं. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. आमचा उजळला आणि हळूहळू मंदावला. सासूबाईंनी नकळत हात जोडलेले मी पाहिले.

पण बाकी पुष्कळ बिघडलं होतं. थाळी फिरवणारा रबरी बेल्ट वितळून डांबर झाला होता. खोक्यांमधल्या कागदी भोंग्याची स्पंजची कड बोट लावताच भुगा होऊन पडली. आवाजाचं बटण फिरवलं की पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी खरखर. ती मात्र अगदी सोपी निघाली. बटणाच्या आत कार्बनची पट्टी असते, तिच्यावर धूळ बसते. काकांनी तिथे स्प्रे मारला आणि मला म्हणाले, "आता तुम्ही वीस वेळा इकडून तिकडे फिरवा." त्या यंत्राला माझा हात लागला तो तेव्हा पहिल्यांदा.

सुईच्या दांडीवर चार आण्याचं नाणं चिकटवलेलं होतं. तबकडी अडकू नये म्हणून नानांनी केलेली युक्ती. चार आणे चलनातून जाऊन (२०११ साली) एवढी वर्षं झाली, तरी ते इथे कामावर होतंच! काकांनी कपाळाला हात लावला. जादा वजनानं सुई खाच खरवडत जाते, तबकडी कायमची खराब होते. नाणं सासूबाईंनी काढून देवघरात ठेवलं.

बेल्ट आणि सुई मुंबईहून कुरियरनं मागवली. स्पंजच्या कडा काकांनीच बसवल्या. सगळं मिळून तीन हजारांच्या आत झालं. मजुरी घ्यायला तयार नव्हते, मग गटाच्या दिवाळी फराळाचा मोठा डबा दिला.

तबकड्यांचं काम माझ्याकडे. पावसाळ्यांत बुरशीचे पांढरे ठिपके पडले होते. मैत्रिणींनो, तुमच्या माळ्यावर असतील तर हे लक्षात ठेवा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ सुती कापड, आणि पुसायचं ते खाचांच्या दिशेनं गोल गोल, आडवं नाही. मधला कागद भिजू द्यायचा नाही. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरनं पुन्हा पुसून ताटांच्या स्टँडमध्ये उभ्या वाळवायच्या. ठेवायच्याही उभ्याच, थप्पी लावली की वाकतात. आणि जुन्या जड तबकड्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, त्यांना स्पिरिट अजिबात लावू नका. त्या लाखेच्या असतात, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. त्यांना सुईही वेगळी लागते, कारण खाच रुंद असते.

खोक्यांच्या वायरी मी जोडल्या. आवाज आला, पण पोकळ, तबल्याचा डग्गा जणू गावाला गेलेला. काकांना फोन. "एका खोक्याची लाल-काळी उलटी लागली असणार." तसंच होतं. एक भोंगा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, मग खर्जाचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. वायर सुलट केली आणि डग्गा घरी आला.

मग काकांनी खुर्ची मागितली. दोन खोक्यांमध्ये जेवढं अंतर, तेवढ्याच अंतरावर समोर, बरोबर मध्ये ती ठेवली. म्हणाले, स्टिरिओ ऐकायची जागा एकच, ही. तबकडीवर खाच एकच असते, पण तिच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरलेले असतात. एका भिंतीचा डाव्या खोक्यात जातो, दुसरीचा उजव्या. १९५८ साली परदेशात अशा तबकड्या बाजारात आल्या. मध्ये बसलं तरच वाद्यं आपापल्या जागी बसलेली ऐकू येतात. भिंतीपलीकडून ऐकलं तर सगळं एकच होऊन जातं.

हे ऐकून माझ्या पोटात कालवलं. म्हणजे चाळीस वर्षं सासूबाईंनी ऐकला तो स्टिरिओ नव्हताच. आणि आता दोन वर्षांपासून त्यांच्या डाव्या कानाला फार कमी येतं.

तबकडी लावली ती 'कॉल ऑफ द व्हॅली'. १९६७ सालची, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून सुरू होणारा. सुई ठेवायला हे पुढे झाले, तर काका म्हणाले, "आजींना ठेवू द्या की." सासूबाईंचा हात थरथरत होता. सुई जरा आतच पडली, खर्र झालं, कुणी रागावलं नाही.

त्या मधल्या खुर्चीत बसल्या. थोडा वेळ नुसत्याच. मग उजवा कान एका खोक्याकडे केला, मग मान वळवून दुसऱ्याकडे, पुन्हा पहिल्याकडे. "अगं, हे तर वेगवेगळे बसलेत," त्या म्हणाल्या. काकांनी बॅलन्सचं बटण डावीकडे सरकवून पाहिलं, पण त्यांनी हातानंच नको म्हटलं. एक बाजू संपेपर्यंत त्या तशाच मान वळवत राहिल्या. ह्यांनी आत जाऊन गॅस बंद केला, दूध उतू चाललं होतं.

आता गुरुवारी दुपारी गटाच्या बायका हिशेबाला येतात तेव्हा त्या खुर्चीसाठी नंबर लागतात. एकीनं घरचा बंद टू-इन-वन आणून काकांसमोर ठेवला; त्याचं हेड स्पिरिटच्या कापसानं पुसलं तेवढ्यावर तो बोलू लागला.

सासूबाई सुई आता अचूक ठेवतात. परवा म्हणाल्या, "ती शोलेची लाव गं, समोर बसून ऐकते." मी सगळी थप्पी पाहिली. कव्हर सापडलं, आत तबकडी नव्हती. नानांच्या कुणा मित्राकडे गेली ती आलीच नाही. बाजारात जुनी मिळते का ते बघायला काकांना सांगितलंय.