तार फुटते, पण क्ष-किरण येतात ते चेपल्यामुळे

केसाहून बारीक तारेतून लाखभर अँपिअर प्रवाह सोडला की तिचा स्फोट होतो आणि क्ष-किरण निघतात, असं थोडक्यात सांगितलं जातं. यातला ‘स्फोट’ हा शब्दच बहुतेक गैरसमजांचं मूळ आहे.

घरातला फ्यूज उडतो तसंच हे, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण फ्यूजची तार वितळते, जोडणी तुटते आणि वीज थांबते. इथे प्रवाह सेकंदाच्या एक कोटीव्या भागात शिखर गाठतो. तारेला ओघळायलाही वेळ मिळत नाही. तिची वाफ होते, वाफेभोवती प्लाझ्माचं, म्हणजे अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटलेल्या वायूचं, कवच तयार होतं आणि वीज त्या कवचातून वाहतच राहते.

खरं काम इथून पुढे होतं. एकाच दिशेने प्रवाह वाहणाऱ्या दोन तारा एकमेकींना ओढतात, हे आम्पिअरने 1820 मध्ये दाखवलं. प्लाझ्मातला प्रवाहही असाच स्वतःला आत खेचतो. याला ‘पिंच’ म्हणतात. 1905 मध्ये ऑस्ट्रेलियात पोलॉक आणि बॅराक्लफ यांनी वीज पडल्यावर चेपलेली तांब्याची पोकळ नळी तपासली. तिला चिरडलं होतं तिच्यातूनच वाहिलेल्या विजेच्या चुंबकीय बळाने. फुटणाऱ्या तारेतही क्ष-किरणांचा मुख्य झोत या आवळण्यातून येतो. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मॉस्कोच्या लेबेदेव संस्थेत दोन तारा फुलीसारख्या ताणून हेच केलं गेलं. फुलीच्या मध्याशी दोन्ही तारांचा प्रवाह एकवटतो. तिथे काही मायक्रॉनचा ठिपका तयार होतो. त्याची घनता घन पदार्थाच्या जवळ जाते, तापमान कोटी अंशांच्या घरात पोचतं आणि सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आत सगळं आटोपतं. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही या ‘एक्स-पिंच’वर प्रयोग झाले आहेत.

हे कोटी अंश मोजले कसे? तिथे तापमापक टिकणार नाही. जे काही कळतं ते बाहेर येणाऱ्या किरणांच्या वर्णपटातून. आणि वर्णपटावरून तापमान वाचण्याची पहिली भक्कम किल्ली कोलकात्यात घडली. तिथल्या विज्ञान महाविद्यालयात शिकवणाऱ्या मेघनाद साहांनी सूर्याच्या वर्णावरणावरचा, म्हणजे त्याच्या पृष्ठभागावरच्या वायूच्या थरावरचा, निबंध 1920 मध्ये प्रसिद्ध केला. तापमान आणि दाब ठाऊक असले तर किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतील, हे त्यांच्या समीकरणाने सांगता आलं. योगायोग असा की त्याच वर्षी माउंट विल्सन वेधशाळेच्या अँडरसन यांनी विजेने फोडलेल्या तारांचे वर्णपट प्रसिद्ध केले आणि तापमान सुमारे 20,000 अंश ठरवलं. सूर्याच्या पृष्ठभागाहून ते तिपटीने जास्त होतं!

साहांचं समीकरण फक्त ताऱ्यांसाठी, हा समज चुकीचा आहे. मात्र आकडे घातले की एक्स-पिंचचं उत्तर हाती, हेही खरं नाही. ते समीकरण समतोल गृहीत धरतं. इतक्या क्षणभंगुर ठिपक्यात समतोल साधेलच असं नाही, आणि अणू इतके दाटलेले असतात की शेजाऱ्यांच्या प्रभावाने इलेक्ट्रॉन सुटण्याची ऊर्जाच बदलते. म्हणून दुरुस्त्या कराव्या लागतात. साहांचं मोठेपण सांगताना ही मर्यादाही सांगायला हवी. त्यांच्या कामाचा खरा आदर त्यातच आहे, असं मला मनापासून वाटतं.

प्लाझ्मा म्हणजे विरळ वायूच, हा समजही इथेच गळून पडतो. साहांच्या नावाच्या कोलकात्यातील संस्थेत 1987 मध्ये टोकामॅक, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कोंडणारं यंत्र, सुरू झालं. त्यातला प्लाझ्मा हवेपेक्षा कितीतरी पट विरळ असतो. तारेच्या ठिपक्यातला त्याच्या अगदी उलट टोकाला.

‘यासाठी शहरभराची वीज लागत असेल’, हाही असाच एक समज. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेतलं ‘झेड’ यंत्र टंगस्टनच्या शेकडो तारा एकदम उडवतं. 1998 मध्ये त्याने क्ष-किरणांची 290 टेरावॅट शक्ती गाठली, जगातल्या साऱ्या वीजकेंद्रांच्या एकत्रित शक्तीच्या कित्येक पट. पण त्या किरणांची एकूण ऊर्जा सुमारे 20 लाख जूल, म्हणजे घरच्या मीटरवर अर्ध्या युनिटहून जराशी जास्त. लागतं ते वेळेचं आकुंचन.

एक्स-पिंचचा ठिपका इतका लहान आणि झोत इतका क्षणिक, म्हणून हलत्या वस्तूचीही सावली रेखीव पडते. या किरणांनी कीटकांची बारीक चित्रं घेतली गेली, आणि शेजारी फुटणाऱ्या दुसऱ्या तारांचीही. वाफेचा गाभा आणि भोवतीचं कवच वेगळे असतात, हे त्या सावल्यांमध्ये दिसतं.