हाकेचें अंतर आणि दगडाचें अंतर

जवळपणा दाखविणारा एक इंग्रजी वाक्प्रचार आपल्या नेहमीं कानांवर येतो : ‘ए स्टोन्स थ्रो’. हातानें भिरकावलेला दगड जाऊन पडेल इतकें अंतर, हा त्याचा अक्षरार्थ. घर स्टेशनपासून इतक्या अंतरावर आहे असें इंग्रज म्हणतो, तेव्हां तें सहज चालत जाण्याजोगें आहे, एवढेंच त्याला सांगावयाचें असतें.

ही कल्पना फार प्राचीन आहे. होमरच्या ‘इलियड’ काव्याच्या तिसऱ्या सर्गांत डोंगरावरील धुक्याची दाटी याच मापानें सांगितली आहे : दगड जाईल तेथवरच दृष्टि पोंचते. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांतही, लूककृत शुभवर्तमानांत, येशू शिष्यांपासून एवढ्याच अंतरावर जाऊन प्रार्थना करतो. मात्र तेथें ‘थ्रो’ऐवजीं ‘कास्ट’ हा शब्द आहे.

वापरतांना इतकें ध्यानांत ठेवावें. ‘ए स्टोन्स थ्रो फ्रॉम द स्टेशन’ असें म्हणावें. आरंभीं ‘विदिन’ घातल्यास पुढें बहुधा ‘ऑफ’ येतें. हा प्रयोग स्थळांच्या जवळपणाचा आहे. परीक्षा जवळ आली असल्यास ती ‘राउंड द कॉर्नर’ असते, आणि जवळचा आप्त ‘क्लोज’ असतो. तेथें दगड चालत नाहीं.

मराठींत आणतांना तर विशेष जपावें. ‘दगडफेकीच्या अंतरावर’ असें लिहिलें कीं वाचकाच्या डोळ्यांपुढें दंगल उभी राहते! आपल्याकडे त्यासाठीं ‘हाकेच्या अंतरावर’ हा सुंदर प्रयोग तयारच आहे. इंग्रजानें जवळपणा हातानें मोजला, आपण तो आवाजानें मोजला. ‘कोस’ हा शब्दही संस्कृत ‘क्रोश’, म्हणजे आरोळी, यापासूनच आलेला आहे. पुढें हा कोस सुमारें दोन मैलांचा मानला जाऊं लागला. इतक्या दूर कोणाची आरोळी ऐकूं जाणार?

अशीं मापें बोलणाऱ्याच्या सोयीप्रमाणें ताणलीं जातात. घराच्या दलालाचा दगड भाडेकऱ्याच्या दगडापेक्षां नेहमींच लांब जातो. गप्पागोष्टींत त्यानें कांहीं बिघडत नाहीं; परंतु वृद्ध आईला घेऊन दवाखान्यांत जाणाऱ्याला वाट सांगावयाची असेल, तर दगड आणि हाक दोन्हीं बाजूस ठेवून ‘पायीं दहा मिनिटें, मध्यें एक चढण’ असें स्पष्ट सांगावें.