शेताच्या बांधापाशी थांबणारा कायदा

लोहारा तालुक्यातल्या माकणीला तेरणेवर निम्न तेरणा धरण आहे. पाणी पोचतं तिथं ऊस, कोरडवाहू रानात सोयाबीन, तूर, हरभरा, दावणीला दुभती जनावरं. ताटात येणाऱ्या अन्नाची पहिली पायरी अशाच गावांत घडते. या पायरीवर सरकार नेमकी कशी नजर ठेवतं, याबद्दल गावात एक समजूत असते आणि शहरात दुसरी. दोन्हींत बरीच गफलत आहे.

गावातली समजूत अशी, की आता शेतकऱ्यालाही ‘फूड लायसन’ काढावं लागणार आणि अन्न खात्याचा साहेब रानात येऊन नमुने भरणार. हे खरं नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा, ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झालेला. त्याच्या कलम १८ मध्ये स्पष्ट लिहिलंय, की शेतकरी, मच्छीमार, शेतीची कामं, पीक, पशुधन आणि शेतावर निघालेला माल यांना हा कायदा लागू नाही. अन्नाच्या व्याख्येतून उभं पीक, जिवंत जनावर आणि जनावरांचा चाराखुराक वगळलेला आहे. शेतमाल या कायद्याच्या हिशेबी ‘प्राथमिक अन्न’ कधी होतो? तो शेतकऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातात गेला की. आडत्याच्या काट्यावर पोतं चढलं, की तिथून पुढं भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे नियम सुरू होतात आणि महाराष्ट्रात ते राबवण्याचं काम अन्न व औषध प्रशासनाचं.

मात्र ही रेघ शेतकरी स्वतःही ओलांडू शकतो. तूर आडतीवर घातली तोवर तो शेतकरी. तीच तूर भरडून, डाळीची पाकिटं करून विकायला काढली की तो अन्न व्यावसायिक झाला, त्याला नोंदणी लागते. भूम-परंड्याकडच्या खवा भट्ट्यांचंही तसंच. दुधाच्या बाबतीत एक सवलत मुद्दाम ठेवलेली आहे: जो नोंदणीकृत सहकारी दूध संस्थेचा सभासद आहे आणि सगळं दूध त्या संस्थेलाच घालतो, त्याला वेगळी नोंदणी लागत नाही.

आता शहरातली समजूत. शेतकऱ्याला कायद्यातून सूट म्हणजे शेतात काय फवारलं जातं, याला कुणाचा धरबंधच नाही, असं लोक म्हणतात. धरबंध आहे, पण तो माणसाऐवजी बाटलीवर आहे. कीटकनाशक कायदा १९६८ सालचा. कोणतंही कीटकनाशक विकण्याआधी फरिदाबादच्या केंद्रीय नोंदणी समितीकडं नोंदवावं लागतं. ते कोणत्या पिकावर, किती मात्रेत वापरायचं आणि शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करायची, हे नोंदणीतच ठरतं. द्राक्षवाले याला ‘लेबल क्लेम’ आणि ‘पीएचआय’ म्हणतात. दुकानातल्या बाटल्यांचे नमुने कृषी खात्याचे निरीक्षक काढतात. म्हणजे बांधाच्या आत नजर आहे ती कृषी खात्याची, अन्न खात्याची नव्हे.

याच बाटलीवरचा त्रिकोण जवळून पाहण्यासारखा आहे. लाल, पिवळा, निळा, हिरवा असे चार रंग. हिरवा त्रिकोण दिसला की औषध ‘साधं’ आहे, फवारून लगेच भाजी तोडली तरी चालते, असं अनेकजण धरून चालतात. त्रिकोण तसं काहीच सांगत नाही. औषध थेट पोटात किंवा अंगावर गेलं तर ते किती जहाल, एवढंच रंगावरून कळतं. मालात अंश किती दिवस राहतो, याचा त्या रंगाशी संबंध नाही. ती माहिती बाटलीसोबतच्या घडीच्या कागदावर असते, इतक्या बारीक अक्षरांत की चष्मा लावूनही धड वाचता येत नाही. माझ्या मते या साखळीतला सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच आणि सगळ्यात हेळसांड झालेलाही हाच. वांग्याचा तोडा चार-पाच दिवसांवर येतो. कागदावर सात दिवस लिहिलेले असतील, तर मधला एक तोडा बाजारात न्यायचा नसतो. तो तोटा कुणी सोसायचा, हे कोणत्याच कायद्यात लिहिलेलं नाही.

दुसरी बाब कपाशीसाठी नोंदलेलं औषध वांग्यावर मारण्याची. अंशाची मर्यादा पीकनिहाय ठरते. ज्या पिकासाठी मर्यादाच ठरलेली नाही, तिथं साधारणपणे किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरली जाते. शंभर टन मालात एक ग्रॅम. एवढ्या कमी मर्यादेत चुकीचं औषध लपत नाही, मग मात्रा कितीही बेताची का असेना.

दुधाबद्दलची समजूत सगळ्यात पक्की आहे. संकलन केंद्रावर कुणीही सांगेल, ‘दादा, फॅट साडेतीन, एसएनएफ साडेआठ लागली, म्हणजे दूध चोख.’ ते यंत्र फॅट आणि घनघटक मोजतं, दर काढतं. गायीला ‘दगडी’, म्हणजे कासेची सूज झाली, सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली, तर तिचा अंश दुधात उतरला की नाही, हे त्या यंत्राला कळत नाही. बुरशी लागलेल्या पेंडीतून आलेलं अफ्लाटॉक्सिनही कळत नाही. ‘उकळलं की सगळं जातं’ हेही बरोबर नाही. उकळल्यानं जंतू मरतात. अफ्लाटॉक्सिन एम१ घरच्या उकळीनं जात नाही आणि बऱ्याच प्रतिजैविकांचे अंशही टिकून राहतात.

प्राधिकरणानं २०१८ साली देशभर दुधाचं सर्वेक्षण केलं आणि २०१९ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. ६,४३२ नमुने तपासले होते. दूध म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं युरिया आणि डिटर्जंट येतं. तसल्या भेसळीनं असुरक्षित ठरलेले नमुने १२ निघाले. अफ्लाटॉक्सिन एम१ मर्यादेबाहेर असलेले ३६८, प्रतिजैविकं मर्यादेबाहेर असलेले ७७. भेसळ करणाऱ्यावर कारवाई व्हायलाच हवी, यात दुमत नाही. पण हे आकडे नीट पाहिले तर दुधातली मोठी अडचण गोठ्यात, पेंडीच्या पोत्यात आणि औषधाच्या ट्यूबमध्ये आहे, आणि तिथं धाड घालून काही हाती लागत नाही.

हे कसं घडतं ते बघा. शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड ओलीत राहिली, कडबा पावसात भिजून काळा पडला, की त्यावर बुरशी धरते. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन बी१ नावाचं विष तयार करतात. जनावरानं ते खाल्लं की शरीरात त्याचं एम१ होतं आणि दुधात उतरतं. दुधासाठी मर्यादा आहे किलोला ०.५ मायक्रोग्रॅम. पशुखाद्यातल्या बी१ साठी भारतीय मानक ब्यूरोची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम. पण पशुखाद्य अन्नाच्या व्याख्येबाहेर, म्हणून अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला दुधाचा नमुना घेता येतो, पेंडीच्या पोत्यापाशी त्याचा हात अडतो. कायद्यातली खरी फट मला इथं दिसते. शेतकऱ्याला सूट आहे ती योग्यच आहे. बुरशी लागलेली पेंड विकणाऱ्याला मात्र त्या सुटीचा आडोसा मिळायला नको.

औषधाच्या बाबतीत नियम पुरेसा स्पष्ट आहे. २०१२ पासून औषध नियमांत तरतूद आहे, की खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांना देण्याच्या औषधावर, ते दिल्यानंतर किती दिवस दूध, अंडी किंवा मांस वापरायचं नाही, हे छापलेलं असावं. छापलेलं नसेल तर दुधाला आणि अंड्यांना किमान सात दिवस, मांसाला अठ्ठावीस. गायीचं सात दिवसांचं दूध ओतून देणं लहान शेतकऱ्याला जड जातं, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ट्यूब सोडणाऱ्यानं त्याच वेळी हा आकडा तोंडी सांगायला हवा आणि गोठ्याच्या भिंतीवर तारीख लिहून ठेवायला हवी. दूध घालून झाल्यावर आठवून उपयोग नसतो.

‘कडक नियम फक्त परदेशी जाणाऱ्या मालाला’ असंही म्हटलं जातं. अंशाच्या मर्यादा देशातल्या बाजारालाही कायद्यानंच लागू आहेत. फरक आहे तो माग काढण्याचा. २००३ साली भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडल्यानं युरोपात मोठी अडचण झाली. त्यातून शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या ‘अपेडा’ या केंद्रीय संस्थेनं पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या साथीनं ‘ग्रेपनेट’ उभं केलं. बागेचा प्रत्येक प्लॉट कृषी खात्याकडं नोंदवायचा, काढणीआधी त्याच प्लॉटचा नमुना प्रयोगशाळेत द्यायचा, अंश जास्त निघाला तर तो प्लॉट निर्यातीतून बाहेर. पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत पोचता येतं. तुरीचं तसं नाही. दहा गावांची तूर एका ढिगात ओतली की कुणाच्या रानातली कोणती, हा पत्ता तिथंच पुसला जातो. मग नमुना नापास झाला तर दंड व्यापाऱ्याला आणि ज्यानं चुकीचं औषध मारलं त्याला त्याची खबरही नाही. निष्काळजी शेतकऱ्याच्या मालाबरोबर काळजी घेणाऱ्याचाही माल बदनाम होतो, हे त्याहून वाईट.

कार्बाइडचं थोडक्यात. कॅल्शियम कार्बाइडनं पिकवलेली फळं विकायला बंदी आहे. इथिलीन वायूनं पिकवायला २०१६ पासून परवानगी आहे, मर्यादा १०० पीपीएम. तेव्हा ‘वायूनं पिकवलेलं फळ म्हणजे विष’ हे सरसकट खरं नाही. वायू कोणता, ते विचारायचं.

शेवटची एक समजूत: नमुना तपासून घेणं सामान्य माणसाच्या हातात नाही. कायद्याच्या कलम ४० प्रमाणे कुणीही ग्राहक विकत घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एवढीच, की खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगायचं. अहवालात पदार्थ नियमाबाहेर निघाला तर फी परत मिळते. माकणीच्या संकलन केंद्रावर दूध घेणाऱ्यालाही हा हक्क आहे आणि तूर घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही. चौकशी धाराशिवच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करायची.