बायपासनंतरचे आठवडे

बायपास शस्त्रक्रियेचा धोका नातेवाइकांच्या मनात शस्त्रक्रियागृहाच्या दारापाशीच एकवटलेला असतो. वस्तुतः पूर्वनियोजित बायपासमध्ये मृत्यूचे प्रमाण साधारणतः शंभरात एक ते तीन एवढेच असून, रुग्ण पुन्हा कितपत उभा राहणार हे पुष्कळ अंशी नंतरच्या आठवड्यांवर अवलंबून असते. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कॉरोनरी धमन्यांत चरबीचे थर साचून अडथळा निर्माण झाला, की शरीरातलीच दुसरी रक्तवाहिनी जोडून त्या अडथळ्याच्या पुढे रक्त पोहोचवले जाते. अर्जेंटिनाचे शल्यविशारद रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये यासाठी पायातील शीर वापरण्यास आरंभ केला आणि पुढे ही पद्धत जगभर रूढ झाली.

या शस्त्रक्रियेने नवा मार्ग मिळतो, मूळ आजार मात्र जात नाही, ही गोष्ट रुग्णाला पुरेशा स्पष्टपणे सांगितली जात नाही. छातीच्या आतील बाजूची धमनी जोडली असेल तर ती दहा वर्षांनंतरही दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत खुली राहते, परंतु पायातून घेतलेल्या शिरांपैकी जवळपास निम्म्या तेवढ्या काळात बंद पडलेल्या आढळतात. माजी पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांची पहिली बायपास १९९० मध्ये झाली होती; जानेवारी २००९ मध्ये ती पुन्हा करावी लागली, आणि दिल्लीच्या एम्समध्ये झालेल्या त्या शस्त्रक्रियेचे नेतृत्व मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांनी केले.

शस्त्रक्रियेनंतर सर्वाधिक आढळणारा उपद्रव म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, अर्थात हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून ठोके अनियमित पडणे; साधारण चारपैकी एका रुग्णात, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, तो दिसतो आणि बहुतेक वेळा औषधांनी आटोक्यात येतो. पक्षाघाताचा धोका शंभरात एक-दोन जणांना असतो, कारण महाधमनी हाताळताना तिच्या भिंतीवरील चरबीचा कण सुटून मेंदूकडे जाऊ शकतो. मूत्रपिंडे आधीच अशक्त असतील तर ती आणखी खालावू शकतात. मधुमेह असणाऱ्यांत, विशेषतः साखर अनियंत्रित असल्यास, जखमेत जंतुसंसर्ग होण्याचे भय अधिक असते, आणि म्हणूनच वेळ हाताशी असेल तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वीच साखर ताब्यात आणणे व तंबाखू सोडणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

छातीचे मधले हाड, म्हणजे उरोस्थी, कापून उघडलेले असते व शेवटी पोलादी तारांनी बांधले जाते. ते पुरेसे सांधण्यास सहा ते आठ आठवडे, कधी बाराही, लागतात. तोवर भरलेली बादली वा गॅसचे सिलिंडर उचलणे, दुचाकी चालवणे, हातांवर जोर देऊन पलंगावरून उठणे टाळावे लागते. व्हेंटिलेटर निघताच रुग्णाच्या हाती तीन चेंडूंचा स्पायरोमीटर दिला जातो. दुखते म्हणून रुग्ण श्वास वरवर घेतो, खोकला दाबतो, मग कफ साचून न्यूमोनियाची वाट मोकळी होते, तेव्हा उशी छातीशी घट्ट धरून खोकणे आणि नळीतून दीर्घ श्वास ओढून ते चेंडू वर उचलणे हे कंटाळवाणे काम खरोखर फुप्फुसांचे रक्षण करते. ज्या पायातून शीर काढली त्याला काही आठवडे सूज राहते. बसताना तो उंचावर ठेवल्याने आराम पडतो.

घरी परतल्यावर भूक मंदावणे, झोप उडणे, कारण नसताना रडू येणे हे सर्रास घडते, परंतु घरची मंडळी त्याला मनाचा कमकुवतपणा समजतात, हे दुःखद आहे. ही उदासी कित्येक आठवडे टिकली तर डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते. अ‍ॅस्पिरिन व कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन ही औषधे बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात आणि बरे वाटू लागले म्हणून ती परस्पर बंद करणे घातक ठरते. चालणे पहिल्या आठवड्यापासूनच, थोडे थोडे वाढवत, सुरू ठेवले जाते. मात्र ताप, जखमेतून स्राव, हालचालीबरोबर छातीच्या हाडाचा कटकट आवाज, वाढती धाप किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणे यांपैकी काहीही आढळल्यास पुढच्या तपासणीची तारीख येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.