प्रकाशीय प्रवाह संवेदकांतील तापमान-शुद्धी
चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने काचेतून जाणाऱ्या ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाचे कंपन प्रतल वळते, असे मायकेल फॅराडे यांना १८४५ मध्ये आढळले. उच्च दाबाच्या संवाहकाभोवती काचतंतूचे वेढे देऊन हा कोन मोजला की, विद्युत् प्रवाह कळतो. मात्र कोनाचे प्रमाण ठरविणारा व्हर्डे स्थिरांक तापमानानुसार बदलतो. टर्बियमयुक्त समचुंबकीय काचेत तो निरपेक्ष तापमानाच्या जवळजवळ व्यस्त प्रमाणात असल्याने नेहमीच्या तापमानाला दर अंशास सु. ०·३ टक्का घटतो. सिलिका तंतूत हा बदल सु. ०·००७ टक्काच असतो. तरीही १००° से. फरकास ०·७ टक्का दोष येतो व वीज-आकारणीसाठी लागणाऱ्या ०·२ वर्गाच्या अचूकतेला तो चालत नाही.

तापमान मोजून गणिताने शुद्धी करणे हा सरळ उपाय होय. पण आवरणावरील तापमापक व आतील काच एकदम तापत नाहीत आणि ऊन-सावलीच्या पालटात शुद्धीच दोष निर्माण करते. याहून सुबक उपाय म्हणजे वेढ्याच्या तोंडाशी प्रकाशाला वर्तुळाकार ध्रुवण देणाऱ्या तंतुखंडाची कलामंदता नेमकी ९०° न ठेवता मुद्दाम थोडी वेगळी ठेवणे. तापमानाबरोबर तीही बदलते आणि योग्य निवडीने हा बदल व्हर्डे स्थिरांकाच्या बदलाला बव्हंशी छेदतो. येथे वेगळा तापमापक लागत नाही.

खरा हट्टी दोष वेढ्यांतील यांत्रिक ताणाने उद्‌भवणाऱ्या द्विप्रणमनाचा. तंतू कसा बसविला यावर तो अवलंबून असल्याने आधी सूत्रात मांडता येत नाही. म्हणून वेढे तापवून सावकाश निववितात व आवरणात सैल ठेवतात.